वरीलप्रमाणे लिहिलेली मुलगी

आमच्या शाळेत मुलांचे वाढदिवस साजरे करायची पद्धत नव्हती, ते एका परीने बरंच होतं. करायचेच ठरवले असते, तर एक जूनला निम्मी शाळा पाटावर बसली असती आणि ओवाळायला माणसं कमी पडली असती.

शहरातल्या वाचकाला हे कोडं वाटेल, म्हणून सांगतो. पूर्वी आमच्याकडच्या वाड्यांवर मूल जन्मलं की त्याची नोंद कुठे होईलच याचा भरवसा नसे. ते पाच-सहा वर्षांचं दिसू लागलं की बाप त्याला शाळेत आणून उभं करी. गुरुजी विचारणार, जन्मतारीख? बाप म्हणणार, भात लावत होतो तवाची. मग गुरुजी पोराकडे एकदा नीट बघत, अंदाजाने वर्ष धरत आणि तारखेच्या रकान्यात ‘एक जून’ लिहीत. शाळा जूनमध्ये उघडते, हिशेब सोपा पडतो, एवढाच त्यामागे विचार. आमच्या गुरुजींनी तसं केलं, त्यांच्या गुरुजींनी केलं, आणि प्राथमिक शिक्षक म्हणून नोकरीला लागल्यावर मीही केलं. या हाताने मी किती मुलांना एक जूनला जन्माला घातलं, याची मोजदाद नाही.

आणि मी शिकवत होतो काय, तर इतिहास!

तसं जिल्हा परिषदेच्या मास्तराला सगळेच विषय शिकवावे लागतात. पण सातवीपर्यंतचा इतिहास आणि नागरिकशास्त्र माझ्या गळ्यात पडलं, कारण बाकीच्यांना ते नको होतं. पहिली पंचवीसेक वर्षं मी ते वाईट शिकवलं. धडा वाचायचा, प्रश्नांची उत्तरं फळ्यावर लिहायची, मुलांनी उतरवून घ्यायची. मुरबाड तालुक्यातल्या माझ्या शाळेत मुलं ती उत्तरं इतकी छान पाठ करत की तपासणीला आलेले साहेब शेरा बुकात माझं कौतुक करून जात. मीही खूश होतो. आता आठवलं की कानकोंडं व्हायला होतं.

मग माझी बदली शहापूरला, तानशाच्या अंगाला झाली. तिथल्या शाळेच्या ओट्यावरून धरणाचं पाणी दिसे. मी मुंबईला पाणी कुठून जातं ते शिकवत होतो, आणि पाचवीतल्या एका मुलीने विचारलं, “सर, धरण आधी का माझा आजा आधी?”

मी उत्तर तिथल्या तिथे सांगू शकलो असतो, पण वर्ष सांगून तिला काय कळणार होतं? तिच्या लेखी आजोबा आणि धरण दोन्ही सारखेच म्हातारे. दुसऱ्या दिवशी मी घरून काथ्याची एक लांबलचक दोरी आणली. एक हात म्हणजे एक वर्ष. दोरीचं टोक शाळेच्या दाराला बांधलं, ते आजचं. तिथून मुलं मोजत निघाली. अकराव्या हाताला तिने स्वतःची चिंधी बांधली, मग बापाची, आणि सत्तरच्या पुढे आजाची. धरणाची गाठ मारायला दोरी अंगणाबाहेर गेली, बांध ओलांडून खाचरात उतरली. मुलगी तिथे चिखलात उभी राहून मागे शाळेकडे बघत ओरडली, “आजा तर किती जवळ हाय!”

त्या दिवशी मला इतिहास कसा शिकवायचा ते कळलं. नोकरीला सत्तावीस वर्षं झाली होती.

पुढे त्या दोरीचे नियम ठरत गेले. प्रत्येक गाठीला एक तोंड आणि एक कागद पाहिजे. तोंड म्हणजे सांगणारं माणूस, कागद म्हणजे कुठलीही लेखी नोंद. दोन्ही जुळले तर पक्की गाठ, नाही जुळले तर सरकगाठ, म्हणजे उद्या पुरावा मिळाला की पुढे-मागे सरकवता येईल अशी. आणि कागद हाती आला की तीन प्रश्न विचारायचे: कोणी लिहिला, कधी लिहिला, लिहिणाऱ्याला घाई होती का? तिसरा प्रश्न माझा लाडका. पुस्तकात तो नाही, माझ्या डोक्यातून निघालेला. तो माझ्याच अंगावर येईल, हे मात्र डोक्यात आलं नव्हतं.

नोकरीची शेवटची तीन वर्षं मी पुन्हा मुरबाडच्या त्या जुन्याच शाळेत आलो. सोबत दोरी होतीच. आमच्या नव्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, पहिल्यांदा दोरी बघून म्हणाल्या, “सर, गुरं बांधायचीत का?” पण त्यांनी आडकाठी केली नाही. मुलं गावभर फिरून म्हाताऱ्यांना विचारू लागली. इथे सनावळी कोणाला ठाऊक नसते, पण खुणा सगळ्यांना पाठ असतात. वाडीत लाइट आली ते वर्ष. शाळेचे पत्रे उडाले ते वर्ष. ओढ्यावरचा साकव वाहून गेला ते वर्ष. त्या पावसात वाडी आणि मुरबाडचा रस्ता यांचा महिनाभर संबंध तुटला होता. या खुणांची वर्षं आम्ही शाळेच्या जुन्या दप्तरातून पक्की केली आणि दोरीवर लाल फडकी बांधली.

सातवीत कविता म्हणून मुलगी होती. किडकिडीत, तोंडाने फटकळ, आणि एकदा एखाद्या गोष्टीच्या मागे लागली की सोडणार नाही अशी. तिने घरच्या सगळ्यांच्या चिंध्या आणल्या. त्यात तिच्या चुलत्याच्या दोन मुली होत्या: वनिता आणि सुमन. दोघी याच शाळेत शिकून गेलेल्या. वनिताची चिंधी तिने लाइट आली त्या फडक्याजवळ बांधली आणि सुमनची दोन हात अलीकडे, साकव गेला तिथे. तोंडाचा पुरावा भक्कम होता. साकव गेल्यामुळे सुमनच्या आईला दवाखान्यात नेता आलं नाही, ती घरीच मोकळी झाली, हे सगळ्या वाडीला माहीत होतं.

मग कविता कागदाकडे वळली. मोठ्या बाईंच्या परवानगीने मी मुलांना जुनं दाखल-खारीज रजिस्टर माझ्यासमोर बघू देत असे. ते उघडून तिने दोघींची नावं शोधली.

“सर, हितं दोघींची एकच तारीख हाय. एक जून. साल बी एकच.”

“जुळ्या असतील,” मागून कोणी तरी म्हणालं.

“कशाच्या जुळ्या? सुमीताई वनिताताईचे जुने फ्रॉक घालायची. जुळ्या आसत्या तर वनिताताईलाच फ्रॉक आखूड कसे झाले आसते?” वर्ग हसला. कविता हसली नाही. तिने ओळीवर बोट ठेवलं. “वनिताताईचं सगळं लिवलंय. सुमीताईच्या पुढं नुसतं ‘वरीलप्रमाणे’. सर, कागद खोटा बोलतोय.”

मग तिने मी शिकवलेला पहिला प्रश्न विचारला. कोणी लिहिला? उत्तरही तिनेच दिलं. “अक्षर तुमचंच हाय, सर.”

माझंच होतं. दहा वर्षांपूर्वीची ती दुपार मला लख्ख आठवली. बारकूदादा, या मुलींचा बाप, वीटभट्टीवरून कुटुंब घेऊन परत आला होता. मोठी आठाची असेल, धाकटी तिच्यामागून, असं म्हणाला. धाकटीला सहा पूर्ण व्हायला दोनेक महिने कमी होते. खरं लिहिलं असतं तर ती नियमात बसत नव्हती, आणि ती नाही तर मोठीही एकटी ओढा ओलांडून येणार नव्हती. शिवाय त्याच दिवशी केंद्रावर पट कळवायचा होता. मोठीची ओळ पूर्ण लिहिली. खालच्या ओळीत सुमनचं नाव लिहून पुढे ‘वरीलप्रमाणे’ ठोकलं. गाव वरीलप्रमाणे, बापाचा धंदा वरीलप्रमाणे, जन्म वरीलप्रमाणे. मनात वाईट काही नव्हतं. दोन मुली शाळेत आल्या म्हणून मी उलट स्वतःवर खूश होतो.

हे सगळं मी वर्गाला जसंच्या तसं सांगितलं. घाई होती का, तर होती. मला वाटलं, चला, धडा छान झाला.

तेवढ्यात कविता म्हणाली, “मग सर, सुमीताईचं लगीन?”

दोघी बहिणींची एकाच घरच्या दोन भावांशी सुपारी फुटली होती. मुलं शहापूरकडची. पौषात म्हशाला गुरांची जत्रा भरते, ती झाली की माघात एकाच मांडवात दोन्ही लग्नं. वनिता खरोखरच अठरा पूर्ण झालेली, आठवीनंतर घरीच. सुमन मुरबाडला अकरावीत शिकत होती. कागदावर तीही अठराची, म्हणून कोणाची हरकत नव्हती. खरी होती सोळाची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाट्यावर गेलो. सुमन कॉलेजला जायला जीपची वाट बघत उभी होती. मी तिला म्हटलं, तुझ्या तारखेत माझी चूक झाली आहे. ती म्हणाली, “ठावं हाय सर. कवितानं सांगितलं.”

“तुला हे लग्न करायचं आहे का?”

तिने पुस्तकं एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “मला कुणी इचारलंच नाय. ताईला इचारलं, तिनं हो म्हणलं. माझं रजिस्टरासारखंच झालं, सर. वर ताईचं, खाली माझं वरीलप्रमाणे.”

तिने हे रागाने म्हटलं असतं तर सोपं गेलं असतं. ती सरळ आवाजात बोलली आणि आलेल्या जीपमध्ये चढून गेली. मी फाट्यावर उभा राहिलो. मला माझीच लाज वाटत होती.

शाळेत येऊन मोठ्या बाईंना सांगितलं की मी चूक लेखी कळवणार आहे. त्यांनी दार लोटून घेतलं. “सर, निवृत्तीला पाच महिने राहिलेत. तुमची चौकशी लागेल, फाईल अडकेल. आणि या रजिस्टरात असे एक जून काय कमी आहेत?” बाई मनाने चांगल्या, माझ्या काळजीनेच बोलत होत्या. खरं सांगतो, दोन दिवस मी त्यांचं ऐकलं. तिसऱ्या दिवशी कविता आणि तिच्या दोघी मैत्रिणी एक वही घेऊन आल्या. आमच्या यमुनाताई, अंगणवाडीच्या निवृत्त सेविका, जुन्या वह्या पत्र्याच्या पेटीत जपून ठेवतात. कडा वाळवीने खाल्लेल्या, पण आत स्वच्छ लिहिलेलं होतं: साकव गेल्याच्या चौथ्या दिवशी, बारकूला दुसरी मुलगी, आणि पुढे तिचं वजन.

“आता एक तोंड आणि एक कागद झाला, सर,” कविता म्हणाली. “गाठ पक्की मारू?”

मला हो म्हणावंच लागलं.

त्याच संध्याकाळी बारकूदादाच्या खळ्यावर गेलो. झोडणी झाली होती, तो पेंढा रचत होता. मी वही दाखवली आणि काय ते सांगितलं. तो पेंढ्यावरून उतरला नाही.

“गुरुजी, आंगठा माझा, अक्षर तुमचं. तुमच्या कागदाला मी कधी नाय म्हणलो का? रेशनकार्डाला तेच लावलं, आधारला तेच लावलं. आता पोरीचं ठरल्यावर तुमी म्हणता, कागद चुकला?”

“पण धाकटी कधी जन्मली ते तुम्हाला माहीत होतं ना, दादा?”

“व्हतं की.” त्याने हातातली पेंढी सरळ करून ठेवली. “पण सरकारी कागदाहून मला जास्त ठावं आसंल, आसं वाटलं नाय.”

या वाक्यावर मी आजवर पुष्कळ विचार केला आहे. आयुष्यभर मी माणसांना कागदावर विश्वास ठेवायला शिकवलं होतं, आणि हा माणूस ते इतकं पूर्ण शिकला होता.

शेवटी तो म्हणाला, “पावण्यांना मी जबान दिलीय. मी नाय सांगणार. तुमी लिवलं, तुमीच सांगा.”

आमच्याकडे बालविवाह थांबवायचा अधिकार ग्रामसेवकाला असतो. मी आधी त्यांच्याकडे वहीची झेरॉक्स आणि माझं लेखी निवेदन दिलं. मग ते आणि मी रविवारी बारकूदादाच्या अंगणात गेलो. पाहुणे दोन जीप भरून आले होते. चहा झाला. ग्रामसेवक कायदा सांगू लागले तसे पाहुण्यांचे चेहरे आवळत गेले. मी त्यांना थांबवलं आणि उभा राहिलो.

म्हटलं, “या घराची काही चूक नाही. मुलीची तर नाहीच. दहा वर्षांपूर्वी मी घाईत खोटं लिहिलं. मुलगी सोळाची आहे. तुम्हाला राग काढायचा तर माझ्यावर काढा.”

नवऱ्या मुलांचा काका उठला आणि चप्पल घालून जीपमध्ये जाऊन बसला. बाकीचे त्यांच्या आजोबांकडे बघू लागले. म्हातारा बराच वेळ तंबाखू मळत होता.

“गुरुजी,” तो म्हणाला, “आमचे दोनी नातू बी एक जूनचेच हायेत. त्यांचं कुणी लिवलंय देव जाणे.” कोणी तरी हसलं. म्हाताऱ्याने चिमूट तोंडात टाकली. “धाकट्याचं खरं काय ते आमच्या म्हातारीला इचारावं लागंल. तवर थोरल्याचं करून घेऊ.”

म्हातारीने नंतर सांगितलं म्हणे, की धाकटा नातू एकोणीसच्या वर नाही.

माघात वनिताचं एकटीचं लग्न झालं. मला पत्रिका आली नाही. शाळेत सहावीला नकाशा शिकवत होतो, तेव्हा वाडीवरून बँडचा आवाज येत होता, आणि मुलं एकदा बाहेर, एकदा माझ्याकडे बघत होती. बारकूदादा रस्त्यात भेटला तर मान वळवून जाई. ते मला लागलं. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं, हे कळूनही लागलं. मला ‘कारणे दाखवा’ची नोटीस आली, मी चार ओळींत खरं ते लिहून दिलं. समज देऊन प्रकरण मिटलं. रजिस्टरातली ती ओळ मात्र मला खोडता आली नाही. शाळा सोडून गेलेल्या मुलाची तारीख बदलणं सोपं नसतं. तिथे अजून ‘वरीलप्रमाणे’च आहे, शेजारी माझं निवेदन टाचणीने लावलेलं आहे.

मी निवृत्त झालो ते एकतीस मेला. सुज्ञ वाचकांच्या लक्षात आलंच असेल: मीही एक जूनचाच. शाळेला सुट्टी होती, तरी मुलं आली. मोठ्या बाईंनी नारळ आणि शाल दिली. मुलांनी अंगणात दोरी ताणली होती. आणि सुमन आली होती.

“बापानंच धाडलं,” ती म्हणाली. “तो खाली फाट्यावर थांबलाय.” वर यायला सांग म्हटलं, तर तिने नुसती मान हलवली. मीही जास्त ओढून धरलं नाही.

ती दोरीशी गेली, स्वतःची चिंधी शोधली, कविताने मारलेली गाठ बोटाने चाचपून बघितली. मग वळून म्हणाली, “सर, तुमची गाठ कुठंय?”

एवढ्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. मी खिशातला रुमाल काढला. कविताने टर्रकन त्याची पट्टी फाडली आणि माझ्याच आवाजात विचारलं, “कागद काय सांगतो?”

“एक जून.” सगळी हसली.

“आणि तोंड?”

आई सांगायची, तुझ्या वेळी गुरं म्हशाच्या जत्रेला निघाली होती, घुंगरांचा आवाज घरात येत होता. एवढंच सांगायची. कुठल्या सालची जत्रा, ते मी कधी विचारलं नाही. वाड्यावाड्यांवरच्या आज्यांना मी मुलं पाठवली, वह्या भरल्या, आणि माझी आई ओसरीवर तांदूळ निवडत बसलेली असायची. ती जाऊन आता सहा वर्षं झाली. हे मी मुलांना सांगितलं. मोठ्या बाई दुसरीकडे बघू लागल्या.

सुमनने कविताच्या हातातून ती पट्टी घेतली. दोरीवर मागे मागे चालत गेली, साठाच्या आसपास थांबली, अंदाज घेतला आणि सरकगाठ मारली.

“ऱ्हाऊ दे सर हितं,” ती म्हणाली. “कोण सांगणारं भेटलं, का सरकवू.”

सुमन आता वाशिंदला एका कारखान्यात पॅकिंगला जाते आणि बाहेरून बी.ए. करते. विषय इतिहास नाही, याचं मला थोडं वाईट वाटलं. यंदा श्रावणात तिने फोन केला होता. म्हणाली, मैत्रिणींना पेढे वाटले, त्या विचारत होत्या की तुझा वाढदिवस जूनमध्ये असतो ना. मी विचारलं, मग काय सांगितलंस? म्हणाली, “सांगितलं, तो ताईचा.”

मीही गेल्या पौषात म्हशाला जाऊन आलो. जत्रेत गुरांच्या बाजारात तीन-चार म्हाताऱ्यांशी बोललो. माझ्या आईला ओळखणारं कोणी निघालं नाही. यंदा पुन्हा जाईन.